लसीच्या कुपीवरील चौकोन

आपल्या भोईवाड्यातून चालत जाण्याइतक्या अंतरावर, परळला, हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या लसीचे काम १८९९ साली तेथे आले. १९२५ साली संस्थेला वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले. पुढे १९७५ साली लसी तयार करण्यासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन झाले. पोलिओचे तोंडावाटे द्यावयाचे डोस पुरविणाऱ्यांत हे महामंडळ होते.

या डोसमध्ये दुर्बल केलेले, पण जिवंत विषाणू असतात. उष्णतेने ते मरतात. अडचण अशी की, तापून निकामी झालेली लस आणि चांगली लस डोळ्यांना सारखीच दिसते. बाळाच्या तोंडात दोन थेंब पडतात, आई निश्चिंत होते. पण थेंबांत दमच नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर कुपीच्या लेबलावर छापलेले असते. तेथे एक जांभळट वर्तुळ व त्याच्या आत फिकट चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस द्यावी. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर कुपी बाजूला काढावी. ही खूण पोलिओच्या कुप्यांवर १९९६ पासून येऊ लागली.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत खतावणी सांभाळणारे. तरीही हा चौकोन गडद कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते.

चौकोनात डायअॅसिटिलीन जातीच्या पदार्थाचे बारीक स्फटिक असतात. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे दोन तिहेरी बंध शेजारी-शेजारी असतात. स्फटिकात हे रेणू किंचित तिरपे, ठरावीक अंतरावर, कवायतीच्या रांगेसारखे उभे असतात. उष्णता मिळाली की शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात व लांब साखळी, म्हणजे बहुवारिक, तयार होते. पदार्थ वितळत नाही, विरघळत नाही. घन अवस्थेतच हे घडते. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड वेगनर यांनी १९६९ साली ही क्रिया उलगडून दाखविली.

आता रंगाचे पाहू. सुट्या रेणूतील इलेक्ट्रॉन थोड्याच जागेत कोंडलेले असतात. ते फक्त अतिनील किरण शोषतात, म्हणून पदार्थ रंगहीन दिसतो. साखळीत मात्र एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंध आळीपाळीने येतात. यालाच संयुग्मी रचना म्हणतात. तीत इलेक्ट्रॉनना लांबवर पसरता येते, त्यांना कमी ऊर्जेचा नारिंगी-तांबडा प्रकाश पुरतो आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. साखळ्या वाढतील तसा रंग गडद होत जातो.

याच जातीच्या काही बहुवारिकांत आणखी एक गंमत आहे. तयार झालेली निळी साखळी तापविली की तिच्या बाजूच्या शाखा सैल होतात, साखळीला पीळ पडतो आणि इलेक्ट्रॉनचा मोकळा रस्ता तुटक होतो. मग सुमारे ६४० नॅनोमीटरऐवजी ५४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषला जातो व निळा पदार्थ लाल दिसतो. येथे नवा बंध जुळत नाही, फक्त घनातील मांडणी बदलते. म्हणून काही पदार्थ थंड होताच पुन्हा निळे होतात.

कुपीवरील चौकोनाला ही मुभा नाही. तेथे नवा बंध जुळलेला असतो व तो थंडाव्याने सुटत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर, या खात्यातून उष्णता वजा होत जाते. फ्रिजमध्ये ठेवल्याने वजावट थांबल्यासारखी होते, पण गेलेली रक्कम परत जमा होत नाही. पोलिओच्या कुपीवरील चौकोन ३७ अंश सेल्सिअसला दोन दिवसांत बाद होण्याच्या खुणेपर्यंत पोहोचतो, तर ५ अंशांना त्यास सुमारे २२५ दिवस लागतात. त्यामुळे वाटेत कोणी हयगय केली असेल, तर ती लपविता येत नाही.

मात्र हा चौकोन मुदतीची तारीख सांगत नाही, किंवा गोठून बिघडणारी लस गोठली होती का, हेही सांगत नाही. त्या गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे असंख्य हातांचे श्रम आहेत. तरीही डोस चालूच आहेत. तेव्हा माता-भगिनींनी बाळाला डोस देण्यापूर्वी "ताई, चौकोन दाखवता का?" असे विचारण्यास संकोच करू नये. आणि विद्यार्थी मित्रांनी रसायनशास्त्र हा केवळ पाठांतराचा विषय मानू नये. शिक्षण नसलेल्या आजीलाही वाचता येईल असे अक्षर त्या शास्त्राने घडविले आहे.