लाइट गेली? चला, चोरी करूया!

पावसात रत्नागिरीची लाइट गेली आणि ग्रुप घरात अडकला, तर वीकेंड फुकट? छे! मेणबत्ती लावा, 'बर्गल ब्रोज' मांडा.

हॅकिंगचे गेम पूर्वीही होते. १९९६च्या 'नेटरनर'मध्ये एक जण हॅकर, दुसरा बलाढ्य कंपनी; सरळ खुन्नस! टिम फॉवर्सच्या २०१५च्या या बोर्ड गेममध्ये मात्र सगळे एकाच टोळीत. तीन मजले, दर मजल्यावर १६ खोल्या, एक पहारेकरी आणि एक तिजोरी. आपला थिबा पॅलेसच डोळ्यांसमोर आणा. तोही तीन मजलीच! फरक इतकाच, की तिथला पहारा आतल्या राजावर होता, १९१६ मध्ये तो वारला तोवर.

पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटायच्या संधी प्रत्येकाला फक्त तीन. कॉम्प्युटर रूम आधीच हॅक केली, तर ठरावीक अलार्म गप्प करता येतात. पण एक जरी पकडला गेला, तरी सगळे हरले!

खरा धोका वेगळाच. ग्रुपमधला एखादा 'बॉस' सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो. अरे, ते तर ऑफिसातही चालतं! म्हणून एक नियम आपला घाला: सल्ला कुणीही द्यावा, सोंगटी मात्र ज्याची त्यानेच हलवायची.