शस्त्रापूर्वीची घटका

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, टाके पडले, रोगी खाटेवर आला, की घरच्या मंडळींच्या हाती एक चिठ्ठी पडते आणि इस्पितळाखालच्या औषधांच्या दुकानातून पाच-सात दिवसांची प्रतिजैविके वर येतात, हा आपल्याकडील शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की, अशी चिठ्ठी न मिळालेल्या रोग्याच्या आप्तांना आपल्या माणसाची हेळसांड होत असल्याचा संशय येतो. वस्तुतः जखमेत पू होऊ नये म्हणून द्यावयाच्या औषधाची वेळ त्या चिठ्ठीच्या पुष्कळ आधी, रोग्याच्या अंगाला शस्त्र लागण्यापूर्वीच, येऊन गेलेली असते.

त्वचा कितीही धुतली-पुसली तरी केसांच्या मुळांशी काही जंतू दडून राहतातच, आणि शस्त्राने त्वचेचा तट फोडला की ते आत शिरतात. त्या क्षणी औषध रक्तातून मांसपेशींपर्यंत पोचून पहाऱ्यावर उभे असेल तर या मूठभर आगंतुकांचा बंदोबस्त सहज होतो, पण त्यांनी एकदा ठाणे मांडले की तेच औषध हतबल ठरते. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी 1961 साली हे गिनीपिगांवर दाखवून दिले. त्वचेत जंतू टोचण्यापूर्वी दिलेल्या पेनिसिलिनने संसर्ग जवळजवळ निष्प्रभ झाला. जंतू टोचून तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाचा काहीच उपयोग झाला नाही. पुढे 1992 साली सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयातील 2,847 रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी अवघ्या 0.6 टक्के रोग्यांच्या जखमा चिघळल्या होत्या, तर छेदानंतर तीन तासांहून अधिक विलंबाने मिळालेल्यांत हे प्रमाण 3.3 टक्के होते. गंमत अशी की, फार आधी औषध देऊन निश्चिंत झालेल्यांची गत याहूनही वाईट, म्हणजे 3.8 टक्के, होती.

म्हणूनच सेफाझोलिनसारख्या प्रतिजैविकाचे इंजेक्शन वॉर्डात नव्हे, शस्त्रक्रियागृहात, छेदापूर्वीच्या तासाभरात द्यावे, आणि शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले तर मात्रा पुन्हा द्यावी, असा दंडक आहे. जखम शिवल्यावर बाहेरच्या जंतूंना वाट उरत नाही. सबब, केवळ प्रतिबंधासाठी औषध पुढे लांबवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2016 सालची शिफारस आहे.

तरीही चिठ्ठ्या लिहिल्या जातात, त्याला अज्ञानापेक्षा भयच अधिक कारण असावे. कारण जखम बिघडलीच तर ‘औषध का दिले नाही?’ हा प्रश्न शल्यचिकित्सकाला विचारला जातो, ‘उगाच का दिले?’ असे मात्र कोणी विचारीत नाही. आणि ते ‘उगाच’ निरुपद्रवी नसते. अनावश्यक मात्रांनी आतड्यातील उपकारक जंतू नष्ट होऊन चिवट अतिसार जडू शकतो, आणि औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहून त्याच वॉर्डातील दुसऱ्या रोग्याच्या जखमेत शिरतात. औषधावर भिस्त ठेवून हात धुण्यात किंवा शस्त्रे निर्जंतुक करण्यात कसर राहिली असेल, तर ती सात दिवसांच्या गोळ्यांनी भरून निघत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अर्थात अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला असेल तर ती गोष्ट निराळी. तेथे औषध हा प्रतिबंध नसून उपचारच असतो आणि तो मध्येच थांबविता येत नाही. तेव्हा वाचकहो, आपल्या घरी कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर पेनिसिलिनचे वावडे असल्यास ते आधी सांगा, प्रतिबंधक इंजेक्शन आवश्यक आहे का आणि असल्यास ते केव्हा देणार हे नम्रपणे विचारा, आणि घरी जाताना हाती चिठ्ठी पडली तर त्यातील प्रतिजैविक नेमके कशासाठी आहे, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.