एका रायफलीचा मागोवा

आमच्या घरातील .३१५ बोअरची रायफल गेल्या वर्षी कायदेशीर मार्गाने विकली गेली आणि तीन पिढ्या चालत आलेल्या तिच्या परवान्याचे दफ्तर कायमचे मिटले. ती नव्याने बांधून घ्यावी की विकून टाकावी, हा प्रश्न वडिलांच्या पश्चात बरीच वर्षे माझ्यापुढे होता. करमाळ्याच्या परिसरात अशी वडिलोपार्जित शस्त्रे अजून कित्येक घरांच्या कपाटांत पडून आहेत, आणि त्या घरांनाही कधी ना कधी याच प्रश्नाला सामोरे जावे लागणार आहे. म्हणून या निर्णयापर्यंतचा मार्ग क्रमाने नमूद करून ठेवावा असे वाटते.

भीमा आणि सीना या दोन नद्यांमधला आमचा तालुका. रावरंभा निंबाळकरांच्या काळापासून त्याला किल्ल्याची, कमलाभवानीच्या देवस्थानाची आणि त्याबरोबरच शस्त्राची सवय आहे. सीनेपलीकडे परंडा, म्हणजे तेव्हाचा निजामाचा मुलूख. सीनेअलीकडे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा. आजोबांकडे गावची पाटीलकी होती, आणि १८७८च्या शस्त्र कायद्यान्वये कलेक्टरांच्या सहीचा परवाना मिळवून त्यांनी ही रायफल विकत घेतली, ती बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात बनलेली. .३१५ हेच माप का, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या धोरणात सापडते. फौजेचे .३०३ काडतूस प्रजेच्या हाती पडू नये असा सरकारचा कटाक्ष असल्यामुळे फौजी ली-एनफील्डच्या घडणीचीच, परंतु ऑस्ट्रियाच्या मानलिकर बंदुकीचे आठ मिलिमीटरचे काडतूस घेणारी ही रायफल हिंदुस्थानातील परवानेदारांसाठी तयार होत असे. पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातूनही तिच्या भगिनी बाहेर पडल्या.

१९४७-४८ साली सरहद्दीवर निजामाच्या मुलखातील रझाकारांची दहशत पसरली, तेव्हा गावातील तरुणांनी आळीपाळीने रात्रीची गस्त घातली आणि त्या गस्तीत ही रायफल आजोबांच्या खांद्यावर असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, अवघ्या पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली आणि सरहद्द ही सरहद्द राहिली नाही. रायफलीच्या आयुष्यातील खरे प्रयोजन, माझ्या मते, त्याच दिवशी पूर्ण झाले. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षे तिने त्या प्रयोजनाच्या पुण्याईवर काढली.

पुढची दोन दशके शिकारीची होती, आणि आमच्या माळावर तेव्हा काळविटांचे कळप मुबलक असत. १९६२च्या ऑक्टोबरात नवा शस्त्र कायदा अमलात आला, पाठोपाठ पाटीलकीची वतने संपली, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाही पूर्णविराम दिला. १९७९ साली नान्नजच्या माळढोक अभयारण्याची स्थापना झाली आणि त्याच्या विस्तीर्ण हद्दीत आमच्या तालुक्यातील माळरानेही आली. ज्या माळावर बार काढणे ही एकेकाळी प्रतिष्ठेची गोष्ट होती, त्याच माळावर तो दंडनीय अपराध ठरला. आणि हे उचितच झाले, कारण माळढोक पक्ष्याचे पुढे काय झाले हे आपण पाहतोच आहोत. वडिलांच्या हयातीत रायफल दोनच कारणांनी घराबाहेर पडे : परवान्याच्या नूतनीकरणासाठी, आणि निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी.

वडील गेल्यावर ती कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा झाली, वारसांची संमतीपत्रे दाखल झाली आणि यथावकाश परवाना माझ्या नावे होऊन ती परत घरी आली. तेव्हा एका परवानाधारक कारागिराकडून मी तिची कसून तपासणी करवली. त्याने खटका उघडून बोल्ट बाहेर काढला, नळीचे तोंड खिडकीच्या उजेडाकडे धरले आणि मला मागच्या बाजूने आत पाहायला सांगितले. पुढच्या भागातील पीळदार आटे स्वच्छ चमकत होते. पण काडतूस बसते त्याच्या लगेच पुढे, दोन-तीन इंच अंतरात, देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते आणि आट्यांच्या कडा झिजून गोलावल्या होत्या. जुन्या काडतुसांच्या टोपीतील स्फोटक जळाले की मागे जो क्षार राहतो, तो हवेतील ओलावा शोषून पोलाद खातो. तेलाने तो जात नाही, त्यासाठी बार काढल्यावर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओतावे लागते. आजोबा ते नेमाने करीत. त्यांच्या अखेरच्या वर्षांत तो नेम सुटला असावा, आणि पोलादाने त्याची नोंद ठेवली.

कारागिराचे म्हणणे स्पष्ट होते. बोल्ट आणि घडण निकोप आहे, अक्रोडाच्या दस्त्याची चीर सांधता येईल, मुलामा नवा चढवता येईल. मात्र अचूक नेम हवा असेल तर नळीच बदलली पाहिजे. मोह होण्यासारख्या गोष्टी पुष्कळ होत्या. १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून विलायती शस्त्रांचा भाव चढाच राहिला आहे, आणि पूर्वजांची वस्तू पुन्हा चालती करणे यात एक प्रकारची ऋणमुक्तीही आहे. परंतु नळी बदलायची म्हणजे ज्या नळीने गस्तीच्या त्या रात्री पाहिल्या तीच भंगारात काढायची. जुन्या शस्त्राचे मोल जाणणारा ग्राहक अस्सलपणा पाहतो; नेमबाजी करणारा नवी, हलकी रायफल पसंत करतो; मग दोघांपैकी कोणाच्याही उपयोगाची नसलेली वस्तू मोठ्या खर्चाने निर्माण करण्यात स्वारस्य काय?

तरीही एक युक्तिवाद उरत होता : वेळप्रसंगी लागेल. त्याची कसोटी डिसेंबर २०२० मध्ये लागली. नरभक्षक बिबट्याने करमाळा तालुक्यात तीन जीव घेतले, ऊसतोडीचे फड ओस पडले, वाड्या-वस्त्यांवर दिवेलागणीला दारे बंद होऊ लागली, आणि आमच्या घरी ‘पाटलांची रायफल आहे ना?’ अशी विचारणा झाली. पण बिबट्याला ठार करण्याचा हुकूम वन खात्याच्या वरिष्ठांकडूनच यावा लागतो आणि तो नेमून दिलेल्या व्यक्तींनाच लागू असतो. त्याप्रमाणेच १८ डिसेंबरला बिबट्याचा शेवट झाला. रयतेच्या रक्षणाचा भार आता खासगी खांद्यांवर नाही, सरकारवर आहे. स्वातंत्र्यानंतर आपण जी व्यवस्था उभी केली तिचा अर्थच हा, आणि त्याचे मला दुःख नाही, समाधान आहे.

२०१६च्या शस्त्र नियमांनुसार सत्तरी गाठलेल्या परवानेदाराला आपल्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मुलाला विचारले, त्याने विचारपूर्वक नकार दिला. मग शस्त्र कायद्याच्या कलम पाचप्रमाणे विक्रीचा इरादा लेखी कळवला, पंचेचाळीस दिवसांची मुदत जाऊ दिली आणि रायफल एका परवानाधारक निवृत्त फौजी गृहस्थांना दिली. दुरुस्ती काहीही केली नाही. नळीचा दोष आधी दाखवला, किंमत त्या मानाने कमी घेतली. त्यांना ती मूळ रूपातच हवी होती.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की, शस्त्राने काय केले याचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते ठेवायचे की नाही हे पुढे त्याला कोणते न्याय्य काम आहे यावरून ठरवावे. काम असेल तर खर्चाकडे न पाहता नळी बदलावी. काम नसेल, तर ते निकोप हाती सोपवावे, आणि हा निर्णय आपल्या हयातीत, शुद्धीत, आपल्या सहीने करावा. वारसांवर आणि ठाण्याच्या मालखान्यावर तो सोडू नये.