चित्रांचे पुस्तक आणि मुलाचे मन

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या गावात सर्वांच्या तोंडी आहे. ती इथल्या बाजारपेठेच्या भरभराटीला उद्देशून असली, तरी आज आपण विचार करणार आहोत तो पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलांचा. तीन ते सात वर्षांच्या मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी कणव आणि स्वतःविषयी समाधान कसे रुजवावयाचे, आणि त्या कामी चित्रांचे पुस्तक कितपत उपयोगी पडते, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

मूल अक्षर ओळखण्याच्या कितीतरी आधी चेहरा ओळखते. आई रागावली की हसली, हे त्याला वाचता येते. हे ओळखूनच कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले. परंतु आपण मुलाला गोष्ट सांगतो आणि लगेच विचारतो, ‘तात्पर्य काय?’ त्याने उत्तर पाठ होते. कणव फुटत नाही. त्याऐवजी चित्रातल्या चेहऱ्यावर बोट ठेवून ‘हिला काय वाटत असेल?’ एवढेच विचारावे, आणि मग आपण गप्प बसावे. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचा पहिला धडा तो हाच.

आता स्वतःविषयीच्या समाधानाचे पाहू. अँडरसनची १८४३ सालची कुरूप बदकपिल्लाची गोष्ट आपल्या घराघरांत पोचली आहे. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. ते पिल्लू सुखी झाले, ते राजहंस निघाले म्हणून. जे मूल मोठेपणीही सावळेच राहणार, अडखळतच बोलणार, त्याने काय करावे? म्हणून गोष्ट टाकून देऊ नये. इतर पक्षी त्या पिल्लाला टोचतात त्या पानावर थांबावे, आणि विचारावे, ‘हे पिल्लू हंस झाले नसते, तर त्याला टोचणे बरोबर होते का?’ मुले याचे उत्तर अचूक देतात.

पुस्तकात मुलाला आपले जग दिसावे लागते, हेही तितकेच महत्त्वाचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडला नेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी आसपासच्या वस्तू वापरल्या. चित्रांनाही हाच न्याय लागू आहे. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेत कोणी राजपुत्र नाही, घरातलीच माणसे आहेत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आपल्या जिल्ह्यात याची निकड अधिक आहे. इथे कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी उर्दू, तर तांड्यावर बंजारा बोली. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. परतलेले मूल वर्गात परके होऊन बसते. धड्यात ते मागे पडलेले असते; चित्रापुढे मात्र सगळी मुले सारखीच. चित्रात बैलगाडी आणि कोयता असेल, तर त्या दिवशी तेच मूल इतरांना सांगणारे होते.

यासाठी फार खर्च लागत नाही. चार-पाच बरी पुस्तके पुरतात, कारण मुलांना तेच पुस्तक पुनःपुन्हा हवे असते. पाने मुलालाच उलटू द्यावीत. कोरे कागद दोऱ्याने शिवून प्रत्येक मुलाकडून ‘मी’ नावाचे पुस्तक करून घ्यावे: माझा चेहरा, माझे घर, मला काय येते, मी कुणाला मदत केली.

एक गोष्ट मात्र पुस्तकाच्या हातात नाही. पुस्तक मिटल्यावर पाहुण्यांपुढे ‘ही काळी, हिचे कसे होणार?’ असे उद्गार आपल्याच तोंडून निघाले, तर कोणतेही चित्र ते पुसू शकणार नाही. मूल पुस्तकाकडे थोडा वेळ पाहते. आपल्याकडे ते दिवसभर पाहत असते.