पानांवरून पारख

विदर्भाच्या सीमेवरील आणि बालाजीच्या देवस्थानामुळे विख्यात असलेल्या देऊळगाव राजा येथील ज्या गृहस्थास खिडकीत स्लिपर ऑर्किड लावण्याची हौस उत्पन्न होईल, त्याने फुलाच्या मोहक छायाचित्रावर भाळण्यापूर्वी रोपाची पाने निरखावीत, अशी आमची शिफारस आहे. स्लिपर ऑर्किडांच्या पॅफिओपेडिलम या वंशातील एकरंगी हिरव्या पानांच्या अनेक जातींस थंड रात्रींची अपेक्षा असते. उलटपक्षी, ज्यांच्या पानांवर गडद-फिकट हिरवी नक्षी उमटलेली असते, त्या बहुधा उष्ण प्रदेशांतील अरण्यांच्या दाट छायेत वाढलेल्या असतात. हा नियम निरपवाद नव्हे. पण जेथे वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे सहज जातो, तेथे तो पाळलेला बरा.

खासी टेकड्यांतील इन्सिग्ने ही जात काटक म्हणून नावाजलेली असली, तरी थंडीवाचून ती सहसा फुलत नाही, म्हणून आपल्या कामाची नाही. दक्षिण भारताच्या वाट्यास आलेली एकमेव जात म्हणजे कर्नल ड्रुरी यांना 1865 साली अगस्त्यमलैच्या डोंगरांत आढळलेली ड्रुरिआय. संग्राहकांच्या हव्यासाने ती नष्टप्राय झाली. महाराष्ट्राच्या रानांत या वंशाची एकही जात नाही. वंशातील यच्चयावत वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास मनाई असून आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बंदोबस्त आहे. सबब रोपवाटिकेत बीजापासून वाढवलेले रोपच घ्यावे, आणि विक्रेता त्याच्या उगमाचा दाखला देण्यास टाळाटाळ करील तर सौदा मोडावा.

नवशिक्याने मागावा तो मॉडिए हा संकर. कॅलोसम आणि लॉरेन्सिआनम या नक्षीदार पानांच्या दोन जातींपासून निपजलेला हा संकर 1900 साली नोंदला गेला, आणि मंद प्रकाश व घरातील उष्मा सोसण्याच्या गुणामुळे त्याचा लौकिक आजतागायत टिकून आहे.

फुलाची रचना मात्र कपटाची आहे. मधाची आशा दाखवून मध न देणारी त्याच्या ओठासारख्या पाकळीची पिशवी इतकी गुळगुळीत असते, की आत घसरलेल्या कीटकास आल्या वाटेने परतता येत नाही, आणि मागील बाजूच्या केसाळ वाटेने चढताना तो प्रथम स्त्रीकेसराच्या कुक्षीस व नंतर परागकोशास घासून बाहेर पडतो. डार्विनने या फुलाच्या एका अमेरिकी आप्ताच्या पिशवीत लहानशी मधमाशी सोडून हाच मामला प्रत्यक्ष पाहिला आणि आपल्या ऑर्किडविषयक ग्रंथाच्या 1877 च्या आवृत्तीत त्याची नोंद केली.

या वनस्पतीस पाणी साठविणारे कंद नसल्याने मुळे पूर्ण सुकू देणे घातक, आणि चिखलात ठेवणे त्याहून घातक. म्हणून कुंडीत माती न घालता झाडाच्या सालीचे तुकडे व कोळसा भरावा. खिडकी पूर्वेची किंवा उत्तरेची असावी. काळ्या पाषाणातून येणारे आपल्याकडील विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि त्यातील क्षारांनी मुळांची टोके करपतात, यास्तव पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पिंपात साठवून तेच वर्षभर पुरवण्याची तजवीज करावी. मे महिन्यात कुंडी खिडकीतून काढून कूलर चालणाऱ्या खोलीत, पण त्याच्या झोतापासून दूर, हलवावी. एकदा फुललेला कोंब पुन्हा फुलत नाही. बगलेतून येणारा नवा कोंबच पुढचे फूल देतो, त्यामुळे फूल गळाल्यावर जुनी पाने निरुपयोगी समजून कापू नयेत, कारण नव्याचे पोषण काही काळ त्यांच्याच हवाली असते.