पडद्यावरचा डाग

“या वयात मला कशाला रे सोनोग्राफी? ती तर पोटुशी बायांची!” कंधारहून नांदेडला निघालेल्या एस.टी.त आत्या हसून म्हणाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर तिची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झाले होते. डॉक्टरांनी ठरावीक काळाने तपासणीला बोलावले होते. पण सोयाबीनची काढणी आली आणि आम्ही एक खेप चुकवली.

सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी होती. आत्याचा समज कशाने झाला, ते उमगले. गंमत म्हणजे, ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा १९५८ सालचा गाजलेला निबंध पोटातल्या गाठींच्या तपासणीवरच होता.

आतड्यातले रोग यकृतातच का पोचतात? आतड्याकडचे रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते. रक्ताबरोबर सुटलेल्या कर्कपेशी तिथे अडकतात, रुजतात. हे यंत्र आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटवते. त्यात क्ष-किरण नसतात. उपाशीपोटी बोलावतात, कारण पोटातला वायू ध्वनीची वाट अडवतो.

आत्याच्या यकृतात एक डाग दिसला. मध्ये उजळ, भोवती काळसर कडे. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

“डाग म्हणजे कर्करोगच, असे नाही,” डॉक्टरांनी समजावले. पाण्याची साधी गाठ काळी दिसते. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ बहुधा पांढरी. उलट, सेंटिमीटरहून लहान गाठ सोनोग्राफीत निसटूही शकते. म्हणून पुढे सी.टी. स्कॅन, आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी.

आत्याच्या बाबतीत शंका खरी ठरली. पण गाठ एकच होती. आतड्याच्या कर्करोगात यकृतातल्या मोजक्या गाठी अनेकदा कापून काढता येतात. उरलेले निरोगी यकृत पुन्हा वाढते. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले. आत्या घरी परतली.

चुकवलेल्या खेपेला ती गाठ दिसली असती का, कोण सांगणार? सल मात्र राहिला. आता तपासणीची तारीख आत्या स्वतःच कॅलेंडरवर लिहिते. काढणी चार दिवस थांबते, असे तीच आम्हाला सांगते.