पेशी कमी झाल्यात, पण कोणत्या?

पावसाळा सरत आला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: “डेंग्यू झालाय, पांढऱ्या पेशी ऐंशी हजारांवर आल्यात.” हा आकडा पांढऱ्या पेशींचा नसतो, प्लेटलेटचा असतो. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तेवढ्याच रक्तात साधारण ४,००० ते ११,०००. आपल्या बोलण्यात या दोन्ही एक होऊन गेल्यात, आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवरची ‘टोटल काउंट’ची, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशींची, ओळ वाचायची राहून जाते.

डेंग्यूत खरं तर दोन्ही उतरतात. विषाणू अस्थिमज्जेचं काम काही दिवस मंदावतो. ताप ओसरू लागला की बहुधा पांढऱ्या पेशी आधी वर येतात, प्लेटलेट मागाहून. म्हणजे सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं तेव्हा सुधारणेची खूण वरच्या ओळीत उमटलेली असू शकते. टायफॉइडमध्येही काउंट अनेकदा उतरतो, आणि बरं वाटल्यावर भरून येतो.

पण नुसता टोटल काउंट अर्धीच गोष्ट सांगतो. पांढऱ्या पेशींच्या पाच मुख्य जाती. त्यांत जिवाणू आणि बुरशीशी पहिली झटापट करणारी पेशी न्यूट्रोफिल. काउंट २,४०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर गुणाकार येतो ७२०. त्याच काउंटवर ६५ टक्के असतील तर १,५६०. टोटल सारखाच, पण दोन माणसांची स्थिती अगदी वेगळी. दीड हजाराच्या खाली कमतरता धरतात, पाचशेच्या खाली धोका मोठा. हा गुणाकार प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा.

कारणं पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे एक फार दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे बी-१२ ची कमतरता. शाकाहारी ताटात दूध-दहीही बेताचंच असेल, तर काही वर्षांनी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सगळंच उतरू शकतं. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतं: न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या असतात, इथे सहा-सात. इतकी घाबरवणारी अवस्था बी-१२ च्या इंजेक्शनांनी सुधारते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

काही औषधंही कारण ठरतात. थायरॉइड वाढल्यावर दिली जाणारी कार्बिमाझोल क्वचित कुणाचे न्यूट्रोफिल जवळपास संपवून टाकते, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. ती घेताना घसा दुखून ताप आला तर साधी सर्दी समजून बसू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि सीबीसी करावी.

आणि केमोथेरपी. लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, न्यूट्रोफिल रक्तात काही तासच फिरतो. अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज नवे न्यूट्रोफिल घडवते म्हणून फौज उभी राहते. केमोने हे काम थांबलं की पहिला तुटवडा यांचाच, बहुतेक औषधांत सात ते चौदा दिवसांनी. अशा वेळी शरीरात जंतू शिरले तरी पू फारसा होत नाही, कारण पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. सूज नाही, लाली नाही. अनेकदा ताप तेवढा येतो. म्हणून त्या दिवसांत थर्मामीटर १००.४ वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात निघायचं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो, आणि उरलेली ती एक खूणही पुसली जाते.